खोकला मुलीला, औषध भिंतीला

मे महिना सरत आला. मृगाला आता पंधरा-वीस दिवस उरले. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात या दिवसांत घरोघरी एकच गडबड असते. लाकूडफाटा पडवीत रचायचा, आमसुले, आंबापोळ्या, पापड यांना शेवटचे ऊन दाखवून डबे भरायचे आणि कौलारू घराची शाकारणी करून घ्यायची. माझ्या लहानपणी घर कितीही गरिबाचे असले तरी शाकारणी चुकत नसे. फुटकी कौले बदलायची, वासे ठोकून पाहायचे, पन्हळी साफ करायच्या, पावसाच्या अंगाच्या भिंतीला झापांचा आडोसा बांधायचा. वडील म्हणत, "लग्नकार्य पुढच्या वर्षावर ढकलता येतं, शाकारणी नाही."

आरोग्याच्या सदरात डॉक्टर आज कौलांवर का घसरले, असे वाचकांना वाटेल. कारण असे की, आज ज्या दुखण्याविषयी लिहायचे आहे त्याचे मूळ छपरात आणि भिंतीत आहे. दुसरे कारण सांगायला थोडे जड जाते. या प्रकरणातला आरोपी दुसरा कोणी नसून मी स्वतः आहे.

इतर चार नोकरदार-व्यावसायिकांप्रमाणे मीही २०१२ साली गावाच्या दुसऱ्या टोकाला एक फ्लॅट घेतला. राहण्यासाठी नव्हे, गुंतवणूक म्हणून. "सोनं चोरीला जातं, शेअर बुडतात, जागा कुठं जाते?" हा सल्ला मलाही पटला. इमारत तीन मजल्यांची, फ्लॅट नऊ, माझा अगदी वरच्या मजल्यावर. अकरा महिन्यांचा करार करायचा, भाडे बँकेत जमा व्हायचे, माझा त्या जागेशी एवढाच संबंध. खरे सांगतो, तीन वर्षे मी त्या फ्लॅटचा जिना चढलो नव्हतो.

२०२२ च्या जूनमध्ये तेथे एक शिक्षक कुटुंब राहायला आले. मूळचे लातूरकडचे. नवरा, बायको आणि चार वर्षांची मुलगी. माणसे अतिशय सभ्य. भाडे पाच तारखेच्या आत. त्याच श्रावणात मुलगी खोकू लागली. माझ्याच दवाखान्यात आणली. हवा बदलली आहे, पाणी मानवले नसेल, असे म्हणून औषध दिले. थोडे बरे वाटले, पुन्हा सुरू झाले. रात्री जास्त, पहाटे जास्त, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. पुढे वाफारा देण्याच्या मशीनवर तिला दवाखान्यात बसवण्याची वेळ महिन्यातून दोनदा येऊ लागली. दम्याची प्रवृत्ती आहे हे निदान मी केले, पंपही सुरू केला. शास्त्राप्रमाणे ते योग्यच होते. पण एक प्रश्न मी विचारला नाही. ही मुलगी रात्री झोपते कोठे?

त्या दरम्यान गुरुजींनी एकदा संकोचत सांगितले होते की, आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली आहे. मी लगेच रंगारी पाठवला. त्याने पोपडे खरवडले, पुट्टी भरली, वरून तेलकट रंग दिला. भिंत आरशासारखी झाली. मला वाटले, मालक म्हणून माझे कर्तव्य संपले. पुढच्या आषाढात डाग पूर्वीपेक्षा हातभर मोठा होऊन परत आला. या वेळी गुरुजी मात्र बोलले नाहीत. घरमालक तोच डॉक्टर, आणि मुलीचे औषध त्याच्याच हाती. कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

दोन वर्षे अशी गेली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुलीला घेऊन तिची आजी दवाखान्यात आली. गावाहून नातीसाठी आली होती. मी छाती तपासली, नेहमीचे लिहू लागलो, तशी आजी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, रागावू नका. हे लेकरू उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडं येतं, दिवाळीला येतं, तेव्हा एकदा खोकत नाही बघा. इथं आलं की चार दिवसांत सुरू. त्याच्या उशाशी ती काळी भिंत हाय. तुमचं औषध त्या भिंतीला द्या आधी."

म्हातारी शाळेत गेली होती की नाही मला ठाऊक नाही. पण जे निदान मला दोन वर्षांत सुचले नाही ते तिने एका वाक्यात केले. घर सोडले की बरे आणि घरी परतले की सुरू, ही खूण आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेली असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी गत झाली होती. त्याच संध्याकाळी मी तो जिना चढलो. पलंगामागची भिंत खांद्याइतक्या उंचीपर्यंत काळवंडलेली, कोपऱ्यात गिलावा फुगलेला, कपाट सरकवले तर मागे बुरशीची साय. कुबट वास तर दारातच आला होता. त्या खोलीत मी दहा मिनिटे उभा होतो. मुलगी रोज दहा तास झोपत होती.

ओल शरीराला काय करते?

बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेत सगळीकडे असतात. ते पूर्णपणे घालवणे कोणालाही शक्य नाही. मात्र त्यांना वाढायला ओलावा लागतो. भिंतीवरची धूळ, रंग, लाकूड, पुठ्ठा, गादीचा कापूस हे त्यांचे खाद्य. एखादी जागा एक-दोन दिवस सलग भिजलेली राहिली तरी बुरशी धरू शकते. मग त्या भिंतीवरून असंख्य कण खोलीत पसरत राहतात. ज्यांची प्रकृती ॲलर्जीची आहे त्यांचे नाक आणि श्वासनलिका या कणांनी सुजतात. शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, कोरडा खोकला, धाप ही त्याची लक्षणे. शिवाय दमट गाद्या-उशांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे वाढतात, तेही दम्याला चिथावतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी या एकाच विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर, बुरशी धरलेल्या इमारतीत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार, श्वसनमार्गाचे जंतुसंसर्ग आणि दमा बळावणे यांचा धोका अधिक असतो, असा तिचा निष्कर्ष आहे. लहान मुले, दमेकरी, वृद्ध, वर्षानुवर्षे चुलीचा किंवा विडीचा धूर घेऊन फुप्फुसे खराब झालेली माणसे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना याचा त्रास सर्वांत जास्त.

दोन गैरसमज येथेच दूर करतो. ओलीमुळे क्षय होत नाही, तो जंतूंमुळे होतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला असेल तर भिंतीकडे बोट दाखवत बसू नका, आधी थुंकी तपासून घ्या. दुसरे, २०२१ साली कोविडच्या लाटेत ज्याला सगळे 'काळी बुरशी' म्हणत होते तो म्युकरमायकोसिस आणि भिंतीवरचे काळे डाग या निराळ्या गोष्टी आहेत. तो आजार मुख्यतः मधुमेह आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. भिंत काळी दिसली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दुर्लक्ष करण्याचेही नाही.

ओल किती दूरवर नेऊ शकते याचे उदाहरण इंग्लंडमधील आहे. रॉचडेल या गावी भाड्याच्या घरात राहणारा दोन वर्षांचा एक मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने हा मृत्यू झाला, असे तेथील मृत्युचौकशी अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदवले. मुलाच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आले होते, "वरून रंग मारून घ्या." हे वाचले तेव्हा मला माझा रंगारी आठवला आणि घशाला कोरड पडली. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे २०२३ साली झाला. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना तो लागू झाला आहे. ओल-बुरशीचा गंभीर धोका कळवला की दहा कामकाजाच्या दिवसांत पाहणी, त्यानंतर पाच दिवसांत घर सुरक्षित करणे, आणि तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कारवाई. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण शहाणपणाला कायदा कशाला लागतो?

"कोकणात ओल असायचीच"

हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटले आहे. जिथे चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे हवा दमट राहणारच. पावसाळ्यात चपला, पट्टे, लोणच्याच्या बरण्या यांवर बुरी येणारच. पण हवेतली ओल वेगळी आणि भिंतीत शिरलेले पाणी वेगळे. पहिलीला इलाज थोडा, दुसरीला पुरेपूर. आपण पहिलीच्या नावावर दुसरी खपवतो, ही आपली चूक.

भिंतीत पाणी कोठून आले हे डाग पाहून बहुतेक वेळा ओळखता येते. तळमजल्यावर जमिनीपासून गुडघा-मांडीपर्यंत चढलेली, वर पांढरा लोणा फुललेली ओल जमिनीतून येते. दिव्याची वात तेल ओढते तशी भिंत पाणी ओढते. खिडकीखालचा किंवा नैऋत्येकडच्या भिंतीवरचा डाग पावसाच्या झडीचा, बाहेरच्या चिरेतून आलेला. छताच्या कोपऱ्यातला डाग गच्चीचा. आणि भर उन्हाळ्यातही ओला राहणारा डाग बहुधा वरच्या न्हाणीघराचा किंवा फुटक्या नळाचा. शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. प्लॅस्टिकचा हातभर कागद भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतल्या वाफेला वाट नाही.

माझ्या फ्लॅटचे गवंड्याकडून नीट पाहून घेतले तेव्हा दोन कारणे निघाली. गच्चीवरचे पाणी उतरण्याचे तोंड पालापाचोळ्याने बुजलेले आणि त्याच्या कडेचा गिलावा फुटलेला. त्यामुळे कोपऱ्यात पाणी साचून स्लॅबमध्ये झिरपत होते. शिवाय कठड्याच्या भेगेत पिंपळाचे रोप चांगले वीतभर वाढलेले. माझा रंगारी या सगळ्यावर आतून तेलकट रंग देऊन गेला होता. त्याने पाणी थांबले नाही, उलट भिंतीची सुकण्याची वाट तेवढी बंद झाली. जखमेत पू असताना वरून पट्टी बांधावी तसा हा प्रकार.

रंग ही दुरुस्ती नव्हे, एवढे एक वाक्य वाचकांनी लक्षात ठेवले तरी आजच्या लेखाचे चीज झाले. आधी पाणी कोठून येते ते बंद करा, मग भिंत पूर्ण सुकू द्या, मग गिलावा, शेवटी रंग. हा क्रम उलटा केला की पैसे पाण्यात जातात, अगदी शब्दशः! २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा ज्यांच्या भिंती भिजल्या त्यांनाही हाच क्रम लागू होता. पूर ओसरला म्हणजे भिंत सुकली असे होत नाही. त्याला कित्येक महिने लागतात.

गुंतवणूकदारांना दोन शब्द

जागेत पैसे गुंतवणाऱ्या माझ्यासारख्यांचा पहिला युक्तिवाद असतो, "भाडं येतं किती, आणि दुरुस्तीला घालायचं किती?" मी एकदा कागद घेऊन बसलो. आकडे गोल करून सांगतो. महिना ८,००० भाडे, म्हणजे वर्षाचे ९६,०००. घरपट्टी ४,००० वजा जाता उरले ९२,०००. यातील ३० टक्के, म्हणजे २७,६०० रुपये, आयकर खाते सरसकट वजावट म्हणून सोडून देते. पावती मागत नाही, खर्च केला का विचारत नाही. घर राखण्याला खर्च येतोच, हे सरकारनेसुद्धा धरून चाललेले आहे. पाच वर्षांत अशी १,३८,००० रुपयांची वजावट मी घेतली आणि त्या घरावर खर्च केले ११,०००, तेही रंगाऱ्याला. बाकीचे माझ्या खिशात. हा नफा नव्हता. ती त्या भिंतीची, आणि खरे म्हणजे त्या मुलीच्या छातीची, उधारी होती.

शिवाय ओल फक्त राहणाऱ्याला खाते असे नाही, गुंतवणुकीलाही खाते. पाणी स्लॅबमधल्या सळीपर्यंत पोहोचले की सळी गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते आणि एके दिवशी छताचा ढलपा खाली येतो. तो रिकाम्या जमिनीवर पडेल की पाळण्यावर, हे कोण सांगणार? ओल्या भिंतीतून विजेचा झटका बसण्याचा धोका वेगळाच. गळती धरलेला फ्लॅट विकायला काढला की गिऱ्हाईक पहिल्या भेटीतच किंमत पाडून मागते. काही हजारांची टाळाटाळ काही लाखांना पडते.

दुसरा युक्तिवाद, "भाडेकरूच खिडक्या उघडत नाहीत, घरातच कपडे वाळत घालतात." यात थोडे तथ्य आहे. पण आषाढात कपडे वाळवायचे तरी कोठे? आणि झड आत येते म्हणून खिडकी बंद ठेवली जात असेल, तर खिडकीवर नीट सज्जा नाही, ही चूक मालकाची. माझ्या भाडेकरूने दिवसरात्र खिडकी उघडी ठेवली असती तरी गच्चीचे तोंड मोकळे झाले नसते.

तिसरी अडचण मात्र खरी आहे. आमच्या इमारतीतील नऊपैकी पाच फ्लॅट मुंबई-पुण्याच्या मालकांचे, बाराही महिने कुलूपबंद. सोसायटीच्या सभेला कोणी येत नाही, गच्चीच्या कामाला कोणी पैसे देत नाही. मी एकेकाला फोन लावला तेव्हा एकजण म्हणाले, "डॉक्टर, मी तिथं राहतच नाही, मला गळतीचा काय त्रास?" मी म्हटले, "साहेब, पाणी मालकाचा पत्ता विचारून झिरपत नाही." बंद फ्लॅट हा शेजाऱ्याच्या आरोग्याचाही प्रश्न असतो. आत फुटलेला नळ महिनोन्महिने कळत नाही, ओल सामाईक भिंतीतून पलीकडे जाते, गॅलरीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. गुंतवणूक म्हणून घर घ्यायला कोणाची हरकत नाही. पण घर म्हणजे बँकेतली मुदतठेव नव्हे, की पावती कपाटात ठेवली आणि पाच वर्षांनी उघडली. घर हे गाईसारखे आहे. दूध हवे असेल तर वैरण घालावी लागते आणि गोठा झाडावा लागतो.

कायदा काय सांगतो तेही थोडक्यात पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू शकत नाही. अकरा महिन्यांच्या परवाना-कराराने राहणाऱ्यांनी मात्र गळती कोणी आणि किती दिवसांत दुरुस्त करायची, हे करारातच लिहून घ्यावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसामुळे होणारी गळती आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती हा संस्थेचा खर्च आहे, फ्लॅटच्या आतील न्हाणीघर-मोरीची गळती त्या सभासदाची. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा तिची तांत्रिक तपासणी करायची असते. आणि नवीन फ्लॅट असेल तर 'रेरा' कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा आहे. तोंडी बोलू नका, लेखी द्या, पोच घ्या.

मृगापूर्वीची शाकारणी

फ्लॅट असो की बंगली, स्वतः राहा की भाड्याने द्या, पुढील कामे या पंधरवड्यात उरका.

गच्चीवर स्वतः चढा. पाणी उतरण्याची सगळी तोंडे मोकळी करा, बादलीभर पाणी ओतून ते कोठे साचते ते पाहा. कठड्याच्या आणि भिंतीच्या भेगा बुजवून घ्या. भिंतीत उगवलेले पिंपळ-वडाचे रोप नुसते कापू नका, मुळासकट काढून भेग भरा. खिडकीच्या उंबऱ्याचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना ते पाहा. न्हाणीघरातील फरशांच्या सांध्यांतील सिमेंट गेले असेल तर भरून घ्या. जोत्याला टेकवून मातीचा ढीग, कुंड्या, चिऱ्यांची रास ठेवू नका. विजेच्या फलकावर झटका बसताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवलेले आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. भाड्याने दिलेल्या घरी वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, भाडेकरूला आधी विचारून स्वतः जा. भाडे बँकेत येते म्हणून पायांना सुट्टी देऊ नका.

राहणाऱ्यांनी पलंग आणि कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. स्वयंपाक आणि आंघोळ होईपर्यंत आणि नंतर थोडा वेळ खिडकी किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा चालू ठेवावा. पाऊस उघडला की सगळी दारे-खिडक्या समोरासमोर उघडाव्यात, गाद्यांना ऊन दाखवावे. लहान मुलाची किंवा दमेकऱ्याची झोपण्याची जागा ओल्या भिंतीजवळ नसावी. घर कितीही लहान असले तरी एवढी एक अदलाबदल करता येते.

बुरशी काढताना कोरडी खरवडू नका, त्याने कण घरभर उडतात. नाकातोंडावर मास्क, हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या, आणि साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसणे हे साधे आणि पुरेसे. ब्लीच वापरायचेच तर पाणी घालून वापरा आणि त्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये, त्या वेळी खोलीतही थांबू नये. आणि भिंत दुरुस्त झाली म्हणून डॉक्टरांना न विचारता पंप बंद करू नका. पंपाची सवय लागते हा निव्वळ भ्रम आहे.

भाडेकरू बंधू-भगिनींना एक विनंती. ओल दिसली की बोला. पहिल्या डागालाच बोला, फोटो काढून ठेवा, तारीख लिहा. आपण मालकावर उपकार मागत नाही, त्याची मालमत्ता वाचवत आहात. डॉक्टरकडे गेल्यावरही न विचारता सांगा. घराला ओल आहे का, रुग्ण झोपतो कोठे, आणि बाहेरगावी गेल्यावर त्रास कमी होतो का. हे तीन प्रश्न माझ्या व्यवसायबंधूंनीही खोकल्याच्या प्रत्येक जुन्या रुग्णाला विचारावेत. त्याला एक मिनिट लागतो. मला दोन वर्षे लागली.

आमच्या गच्चीचे काम २०२४ च्या दिवाळीनंतर झाले. फोनवर फोन करून अखेर सहा मालकांनी पैसे दिले. माझ्या वाट्याला गच्चीचे २२,००० आणि आतल्या भिंतीचे ३१,००० असे ५३,००० रुपये आले. भिंत सुकेपर्यंत गुरुजींचे कुटुंब पुढच्या खोलीत झोपले, त्या महिन्यांचे भाडे मी घेतले नाही. २०२५ च्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली. मुलीचा खोकला अगदी नाहीसा झाला असे मी म्हणणार नाही. थंडीत, सर्दी झाली की अजून पंप लागतो. वयही वाढले, औषधेही चालू होती, त्यामुळे सगळे श्रेय भिंतीला देणे शास्त्राला धरून होणार नाही. पण त्या चार महिन्यांत वाफाऱ्याच्या मशीनवर तिला एकदाही बसवावे लागले नाही.

गेल्या आठवड्यात गुरुजी भेटले. सुट्टीला गावी निघाले होते. मी विचारले, "आजींची प्रकृती कशी आहे?" ते म्हणाले, "बरी आहे. दर फोनला विचारते, भिंतीची प्रकृती कशी आहे?"

उद्या रविवार आहे. मी सकाळी गच्चीवर जाणार आहे. तुम्हीही जा.